पाणी ओसरल्यावर दिसणारं देऊळ: छायाचित्र काढायला जाणाऱ्यांसाठी

मुळशीच्या पाण्याकडे कॅमेरा वळवण्याआधी एवढं ध्यानात असू द्यावं, की हा जलाशय माणसानं केलेला आहे आणि तो भरला तेव्हा तळाशी गावं होती. मुळा आणि निळा या नद्यांच्या खोऱ्यात टाटांच्या वीज कंपनीनं धरण बांधायला घेतलं. त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्यात तुरुंगात गेले, १९२४ पर्यंत लढा रेटला गेला आणि अखेर मोडला. १९२७ पासून मुळशीचं पाणी सह्याद्री ओलांडून कोकणात भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरू लागलं. भातखाचरं, घरांची जोती, चावड्या आणि देवळं इथेच राहिली, पाण्याखाली.

शंभर वर्षांनंतर आज पुण्याहून दीड-दोन तासांत इथे पोचता येतं. दर शनिवार-रविवारी शेकडो लोक हे पाणी टिपतात. निळं पाणी, हिरवा डोंगर, कडेला एखादं जुनं देऊळ. चित्र देखणं असतं, पण कुठल्याही तळ्याचं असू शकतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की धरणाकाठच्या देवळाच्या छायाचित्रात दगड आणि पाणी यांचं नातं दिसलंच पाहिजे: पाणी कुठपर्यंत चढतं, कुठपर्यंत उतरतं, आणि या चढउतारानं त्या वास्तूचं काय केलं. पुढे जे काही सांगणार आहे, ते याच हेतूनं.

आधी जागा. मुळशी तालुक्यात पाण्याकाठी आणि पाण्यापासून वर सरकलेल्या गावांत पूजेत असलेली अनेक देवळं आहेत. जलाशयाच्या पश्चिमेला, घाट उतरण्याआधी, ताम्हिणीची विंझाई आहे. ही अनेक घराण्यांची कुलस्वामिनी असून तिच्याभोवती राखलेली देवराई आहे. पाण्यात बुडणारं आणि उन्हाळ्यात बाहेर येणारं देऊळ बघायचं असेल, तर शेजारच्या मावळात पवनेच्या जलाशयातलं वाघेश्वर गाठावं. पौडहून कोळवण, जवण, तिकोनापेठ असा रस्ता आहे आणि तुंग-तिकोना हे किल्ले सोबतीला राहतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पवना धरण झालं आणि तेव्हापासून हे काळ्या घडीव दगडांचं शिवालय वर्षाचा बराच काळ पाण्याखाली असतं. उन्हाळ्यात पातळी उतरली की ते उघडं पडतं. भोर तालुक्यात भाटघरच्या पाण्यात कांबरेश्वराचं असंच आहे. इंदापूर तालुक्यात पळसदेवचं पळसनाथ मंदिर उजनीच्या पाण्यात गेलं. त्याचं विटांचं शिखर आणि दगडी अंग पूर्ण बघायला मिळतं ते दुष्काळाच्या वर्षी. तिथे जाताना एक विचार मनात येतोच, की आपल्याला छायाचित्र मिळतंय तेव्हा कुणाच्या तरी उसाला पाणी मिळत नाहीये. तो विचार मनातून काढून टाकू नये.

एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. पण तारखेपेक्षा पातळीकडे बघावं. धरणांतला साठा वर्तमानपत्रांत रोज छापून येतो. पवनेचा साठा किती टक्के आहे हे निघण्याआधी बघावं आणि तो आकडा वहीत लिहून ठेवावा, पुढे त्याचा उपयोग आहे. देऊळ उघडं पडलंय की नाही हे काठच्या गावात विचारलं तर नेमकं कळतं. सगळं देऊळ कोरडं होण्याची वाट बघायलाच हवी असंही नाही. पाणी जोत्याला लागून असतानाचे दिवस मला सर्वांत मोलाचे वाटतात, कारण तेव्हा एकाच चौकटीत देऊळ आणि त्याला बुडवणारं पाणी, दोन्ही असतात. पुढच्या पंधरा-वीस दिवसांत पाणी लांब जातं आणि मग देऊळ भेगाळलेल्या गाळाच्या माळावर एकटं उभं राहतं. तेही चित्र घ्यावं, पण ते वेगळी गोष्ट सांगतं.

आता उजेड. उन्हाळ्यातल्या उजेडाबद्दल एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही आणि जुन्या देवळांच्या बाबतीत तीच सर्वांत कामाची आहे. पुणे-मुळशीचा पट्टा साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. १३-१४ मेच्या सुमारास सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. तेव्हापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य दुपारीही आपल्या उत्तरेला असतो. मेच्या मध्यावर तो पूर्वेपासून सुमारे वीस अंश उत्तरेकडे सरकून उगवतो आणि पश्चिमेपासून तितकाच उत्तरेकडे सरकून मावळतो. परिणाम असा, की देवळाची जी उत्तर भिंत हिवाळाभर सावलीत असते, तिच्यावर या दिवसांत सकाळी आणि संध्याकाळी तिरपं ऊन घासून जातं. गाभाऱ्यातलं अभिषेकाचं पाणी बाहेर सोडणारं गोमुख बहुधा याच बाजूला असतं. तिरप्या उजेडात त्याचं कोरीवकाम, दगडांमधले सांधे, टाकीचे घाव, सगळं उठून येतं. तेव्हा वाघेश्वराला मे महिन्यात गेलात, तर दर्शनी बाजूवर सगळा वेळ खर्च करू नका. उत्तरेकडून एक फेरी माराच.

बहुतेक जुनी शिवालयं पूर्वेकडे तोंड करून असतात, पण गृहीत धरू नये. फोनमधलं होकायंत्र उघडून आधी दिशा बघावी. पूर्वाभिमुख देवळाच्या दाराशी सकाळी सहा ते साडेसात या वेळात ऊन आत शिरतं आणि उंबरठ्यापलीकडचा गाभाराही थोडा उजळतो. मेमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, म्हणजे साडेपाचला तुम्ही काठावर हवेत आणि त्यासाठी पुण्यातून चारच्या आधी निघायला हवं. आठनंतर ऊन पांढरं होतं. दहा ते चार ही वेळ बाहेरच्या छायाचित्रांसाठी सोडून द्यावी आणि आतल्या भागासाठी, मोजमापासाठी, गावातल्या लोकांशी बोलण्यासाठी ठेवावी. संध्याकाळी पश्चिमेकडून येणाऱ्या उजेडात पूर्वाभिमुख देवळाचा दर्शनी भाग सावलीत जातो, मात्र पाठीमागून शिखराची बाह्यरेषा स्वच्छ मिळते.

मेमधली हवा धुळीनं भरलेली असते, तुंगाचा सुळका दुपारी पुसट दिसतो. वळवाचा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी हवा धुतल्यासारखी होते. अशा सकाळी हातातलं काम बाजूला ठेवून निघावं. वळीव पडत असताना मात्र तिथे थांबू नये. उघड्या गाळावर ट्रायपॉड धरून उभा असलेला माणूस ही आसपासची सर्वांत उंच वस्तू असते. विजा लांबवर कडाडू लागल्या तरी सामान आवरून गाडीत बसावं.

काळा दगड कॅमेऱ्याला फसवतो. कॅमेऱ्याचा मीटर समोर जे दिसेल ते मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो, त्यामुळे चौकट बेसॉल्टनं भरली तर तो उजेड वाढवतो आणि काळाभोर दगड राखेच्या रंगाचा येतो. म्हणून दगड जवळून टिपताना एक्सपोजर अर्धा ते एक स्टॉप खाली आणावं. चौकटीत आकाश आणि पाणी जास्त असेल तर उलट होतं. मीटर त्यांच्या चकाकीला घाबरतो आणि देऊळ नुसती काळी आकृती होऊन बसतं. अशा वेळी एकाच जागेवरून कमी, मध्यम आणि जास्त अशी तीन एक्सपोजरं घ्यावीत आणि रॉ फाइल ठेवावी. फोनवर काम करत असाल तर पडद्यावर दगडाच्या जागी बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड तिथे बांधला जाईल. मग शेजारी दिसणारी सूर्याची खूण थोडी खाली ओढा. फोनचा आपोआप एचडीआर सावल्या फार उघड्या करतो. त्यानं देऊळ सपाट दिसतं, कोनाड्यांची खोली जाते. तो बंद करून एक आणि चालू ठेवून एक घेऊन बघा, फरक लगेच कळेल.

पाण्यातलं प्रतिबिंब हवं असेल तर ते सकाळचंच. रात्रभर वारा पडलेला असतो, पाणी स्थिर असतं. ऊन चढलं की वारा उठतो, आणि दुपारनंतर घाटाकडून येणारा पश्चिमेचा वारा पाण्याला एक क्षण स्वस्थ बसू देत नाही. कॅमेरा जितका खाली, पाण्याच्या पृष्ठाजवळ, तितकं प्रतिबिंब पूर्ण येतं. गुडघ्यावर बसा, जमलं तर त्याहून खाली जा. प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा थोडं गडदच असतं. संगणकावर ते उजळून वरच्याइतकं केलं की डोळ्याला काहीतरी खोटं आहे हे जाणवतं, म्हणून ते तसंच राहू द्यावं. पोलरायझर फिल्टर असेल तर तो फिरवून बघत राहा. एका स्थितीत तो ओल्या दगडावरची चकाकी काढतो आणि दगडाचा खरा रंग दाखवतो, पण त्याच स्थितीत प्रतिबिंबही पुसून टाकतो. दोन्हींपैकी आपल्याला काय हवंय हे आधी ठरवावं लागतं. पाणी दुधासारखं गुळगुळीत करणाऱ्या लांब एक्सपोजरची सध्या फार आवड आहे. मला ती इथे पटत नाही. पाण्यावरच्या बारीक लाटा गेल्या की पाणी किती लांब आहे, किती खोल आहे, याचा अंदाजच जातो. इथे पाणी हा देखावा नाही, त्याला वजन आहे.

भिंग निवडताना लोक सर्वांत रुंद भिंग काढतात. त्यानं देऊळ लहान होतं, मागचा डोंगर आणखी लहान होतो आणि कॅमेरा वर झुकवला की भिंती आत पडल्यासारख्या दिसतात. दोन उपाय आहेत. देवळाच्या जवळ असाल तर कॅमेरा अगदी सपाट धरा, क्षितिज मध्यावर ठेवा आणि खालचा जास्तीचा भाग नंतर कापा. नाहीतर लांब जा. दीडशे-दोनशे मीटर मागे सरकून ८५ ते १३५ मिलिमीटरच्या भिंगानं, फोनवर असल्यास तिप्पट किंवा पाचपट भिंगानं, तेच देऊळ टिपा. तुंग किंवा तिकोना देवळाच्या मागे उभा ठाकलेला दिसेल, जसा तो तिथे उभं राहिलेल्या माणसाला जाणवतो. ॲपर्चर एफ/८ ते एफ/११ च्या दरम्यान ठेवलं की पुढच्या गाळापासून मागच्या किल्ल्यापर्यंत बहुतेक सगळं स्पष्ट येतं.

पुढचा गाळ, हो. त्याला चौकटीतून हाकलू नका. सुकलेल्या चिखलाच्या भेगा, शिंपले, भिंतीवर वेगवेगळ्या उंचीवर उमटलेले पाण्याचे पांढुरके पट्टे, दगडावर धरलेली वाळलेल्या शेवाळाची साय ही सगळी नोंद आहे. पाणी दरवर्षी कुठे किती काळ थांबलं ते दगडावर लिहिलेलं असतं. कोपऱ्यात उभा असलेला विजेचा खांब, लांबचा तंबूंचा कॅम्प, देवळाजवळ कुणी लावलेलं निशाण हेही संगणकावर पुसू नये. निदान एका प्रतीत तरी जसं होतं तसं राहू द्यावं.

लाकडी देवळांचं तंत्र थोडं वेगळं आहे. जगात जिथे जंगल मुबलक आणि थंडी कडक, तिथे ओंडके एकमेकांत अडकवून प्रार्थनास्थळं उभी राहिली. रशियात ओनेगा सरोवरातल्या किझी बेटावरचं १७१४ चं चर्च हे त्यातलं सर्वांत थोर उदाहरण. आपल्याकडच्या पावसात उघड्या ओंडक्यांची भिंत टिकणारी नाही. ताम्हिणीत एका पावसाळ्यात पाच-सहा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. म्हणून मुळशी-मावळात लाकूड आत, छपराखाली राहिलं: दगडी गाभारा आणि पुढे लाकडी खांबांचा सभामंडप, वर कौलं, अलीकडे पत्रे. अशा मंडपात पाऊल टाकलं की आधी पाच मिनिटं नुसतं उभं राहावं. डोळे अंधाराला सरावले की तळखड्यावर उभा खांब, त्यावरचे हस्त, तुळया, कडीपाट, मधली महिरप हे एकेक दिसू लागतं.

आत फ्लॅश वापरू नये. देवापुढे तो बरा दिसत नाही हे एक, आणि समोरून मारलेला उजेड कोरीवकाम सपाट करतो हे दुसरं. एका बाजूच्या दारातून किंवा झरोक्यातून येणारा उजेड पुरतो. ट्रायपॉड लावून संवेदनशीलता (आयएसओ) १०० ते ४०० ठेवा आणि शटर दोन-चार सेकंद उघडं राहू द्या. ट्रायपॉड नसेल तर खांबाला पाठ टेकवून, श्वास सोडून झाल्यावर बटण दाबा. दाराबाहेरचं ऊन फार प्रखर असतं, म्हणून दार चौकटीच्या बाहेर ठेवा किंवा ढग येण्याची वाट बघा. आत ट्यूबलाइट, समई आणि बाहेरचा उजेड असे तीन रंग एकत्र आले की लाकूड कधी हिरवं, कधी नारिंगी दिसतं. परवानगी घेऊन ट्यूबलाइट बंद करावी, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. अनेक मंडपांतले खांब अलीकडे तेलरंगानं रंगवलेले आहेत, गुलाबी, हिरवे, चंदेरी. शहरातून येणाऱ्यांना ते खटकतं. पण ज्या गावानं वर्गणी काढून खांब रंगवला, त्यानं तो आपला मानला म्हणून रंगवला. रंग काढून टाकलेलं कृष्णधवल चित्र करण्याआधी रंगीत प्रत जपून ठेवा. खांबाच्या मागच्या बाजूला, रंग न पोचलेल्या जागी, जुनं लाकूड अनेकदा सापडतं.

गाभाऱ्यात छायाचित्र घ्यायचं का, हे आपण ठरवायचं नाही. गुरव असतील त्यांना विचारावं, नसतील तर गावातल्या जाणत्या माणसाला. ‘काका, आतला फोटो घेतला तर चालेल का?’ एवढं विचारलं की बहुतेक वेळा ‘घ्या की’ म्हणतात, आणि कधी ‘देवीचा नको, बाकी घ्या’ म्हणतात. नको म्हटलं की नको. चप्पल बाहेर काढायची हे वेगळं सांगायला नको, पण पाण्यातून वर आलेल्या, पूजा बंद पडलेल्या देवळात लोक हे सर्रास विसरतात. तिथे जोडे घालून पिंडीशेजारी उभं राहून काढलेली छायाचित्रं काठच्या गावांतले लोकही बघतात, आणि त्यांना ती लागतात.

पडझड झालेल्या देवळाभोवती कोरलेले दगड, वीरगळ, एखादा झिजलेला शिलालेख सापडू शकतो. अक्षरं उठून यावीत म्हणून त्यावर खडू घासणं, पीठ-भस्म चोळणं, तेल ओतणं हे सगळं बंद व्हायला हवं. दगडाचे कण त्याबरोबर जातात आणि अक्षर आणखी पुसट होतं. याला सोपा उपाय उजेडाचा आहे. अंधार पडल्यावर किंवा दगडावर कापडाची सावली धरून, टॉर्च दगडाच्या अगदी कडेला, पृष्ठाला जवळजवळ समांतर धरा. कॅमेरा न हलवता आधी डावीकडून, मग उजवीकडून, वरून, खालून अशी चार छायाचित्रं घ्या. दिवसा काहीच न दिसणाऱ्या दगडावरची अक्षरं अशा उजेडात वाचता येतात. शेजारी मोजपट्टी ठेवून एक छायाचित्र वेगळं घ्या. दगड उचलून, सरळ करून, चांगल्या जागी मांडून टिपू नका. तो ज्या जागी, ज्या बाजूवर पडलाय, तीही माहिती आहे.

सुरक्षेबद्दल स्पष्ट सांगतो. मुळशी आणि पवनेच्या पाण्यात माणसं बुडून जातात, आणि त्यांतले अनेक जण पोहायला नव्हे, काठावर फोटो काढायला उतरलेले असतात. उतरत्या पाण्याकाठचा गाळ वरून वाळून टणक दिसतो, खाली मात्र तो दही-चिखल असतो. पाऊल ठेवण्याआधी काठीनं दाबून बघा. काठी सहज आत गेली तर तिथून मागे फिरा. जिथे गुरं चालल्याच्या ताज्या खुणा आहेत, तिथून चाला. एकट्यानं जाऊ नका. धरणाच्या तळाशी जुने ओढे, विहिरी, बांध तसेच असतात, त्यामुळे घोट्याएवढं पाणी पुढच्या पावलाला डोक्यावर जाऊ शकतं. पाण्यात पाय घालून प्रतिबिंब टिपण्याचा मोह आवरा. देवळाच्या सुट्या झालेल्या दगडांवर, विशेषतः छतावर आणि शिखरावर, चढू नका. चुन्याशिवाय रचलेले दगड वर्षानुवर्षं पाण्यानं हललेले असतात. ट्रायपॉडचे पाय गाळात हळूहळू रुततात आणि लांब एक्सपोजर हलतं, म्हणून प्रत्येक पायाखाली चपटा दगड ठेवा.

मुळशी धरणाच्या भिंतीकडे कॅमेरा घेऊन जाऊ नका, तिथे बंदी आहे आणि पहारा आहे. ताम्हिणीच्या बाजूचा बराच भाग अभयारण्यात येतो, तिथे वनखात्याचे नियम लागू होतात. ड्रोन उडवायचा विचार असेल तर सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ नकाशावर ती जागा कुठल्या क्षेत्रात येते ते आधी बघा आणि परवानगी लागत असेल तर ती घ्या. माझ्या मते पहिल्या दोन-तीन भेटी ड्रोनशिवाय कराव्यात. वरून टिपलेलं देऊळ खेळण्याएवढं दिसतं आणि काठावर गुरं राखणाऱ्या माणसाशी बोलणं राहून जातं.

हे बोलणं महत्त्वाचं आहे. गोव्यात सांगे तालुक्यातलं कुर्डी हे गाव, गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचं गाव, साळावली धरणात गेलं. मे महिन्यात पाणी ओसरलं की जुने गावकरी तिथे परततात. सोमेश्वराच्या देवळात उत्सव होतो आणि ख्रिस्ती कुटुंबं आपल्या चॅपेलच्या फेस्ताला येतात. तिथलं जुनं महादेवाचं मंदिर पुरातत्त्व खात्यानं दगड दगड सुटा करून दुसरीकडे नेऊन उभं केलं. कर्नाटकात हासनजवळ शेट्टीहळ्ळीचं चर्च गोरूर धरणाच्या पाण्यात दर पावसाळ्यात अर्धं बुडतं. स्पेनमध्ये साऊच्या जलाशयातलं अकराव्या शतकातलं चर्च २०२२-२३ च्या दुष्काळात पूर्ण उघडं पडलं आणि ते बघायला गर्दी लोटली. या सगळ्या ठिकाणची हजारो छायाचित्रं आहेत. त्यातली नुसत्या भिंतींची छायाचित्रं मी पटकन पुढे सरकवतो. कुर्डीतलं, आपल्या घराच्या जोत्यावर उभं राहून नातवाला काहीतरी दाखवणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं छायाचित्र मात्र तसं सरकवता येत नाही. मुळशी-मावळातही गुरं राखणारे, मासेमारी करणारे, उन्हाळ्यात देवळाशी दिवा लावायला येणारे लोक भेटतील. त्यांना विचारून, नाव-गाव लिहून घेऊन, त्यांना देवळाबरोबर टिपा. त्यांनी नको म्हटलं तर त्यांच्याकडून जागेची माहिती तरी घ्या: वाट कुठून होती, यात्रा कधी भरायची, दीपमाळ होती का.

आता त्या वहीतल्या आकड्याचा उपयोग. धरणाकाठच्या वास्तूचं एक छायाचित्र फार थोडं सांगतं. एकाच जागेवरून दरवर्षी घेतलेलं छायाचित्र पुष्कळ सांगतं. कुठला दगड सरकला, कुठली तुळई खचली, गाळ किती चढला, हे असं तुलनेतून कळतं. त्यासाठी जागा पुन्हा सापडायला हवी. फोनमधला जीपीएस पाच-दहा मीटर इकडेतिकडे चुकतो. त्यापेक्षा जुळवणी करा. देवळाच्या शिखराचा डावा कोपरा आणि मागच्या डोंगरावरचा एखादा ठळक बिंदू एका रेषेत येईल अशी जागा शोधा. तशीच दुसरी जुळवणी उजव्या बाजूला करा. दोन्ही रेषा जिथे मिळतात तिथे पुढच्या वर्षी बरोबर येऊन उभं राहता येतं. भिंगाची लांबी आणि कॅमेऱ्याची जमिनीपासूनची उंची लिहून ठेवा. मग देवळाच्या चारी बाजू समोरून, चारी कोपरे तिरपे, दार, गाभारा, छत आणि शेवटी थोडं लांबून पाण्यासकट सगळं, असा क्रम दरवर्षी तसाच ठेवा. देखण्या छायाचित्राचा शोध त्यानंतर सुरू करावा.

घरी आल्यावर त्याच रात्री नोंद करा, आठवडा गेला की विसरायला होतं. प्रत्येक फाइलला तारीख, देवळाचं नाव, गाव, तालुका, कुठल्या दिशेला बघून घेतलं आणि त्या दिवशी धरणात किती टक्के पाणी होतं, एवढं लिहा. छपाई करताना मागच्या बाजूला पेन्सिलनं हेच लिहा. मूळ फाइल दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. समाजमाध्यमांवर टाकताना नेमका ठिकाणा द्यायचा की नाही, याचा विचार करा. वाघेश्वरासारखी जागा सगळ्यांना माहीत आहे, पण एखादं छोटं, अजून गर्दी न झालेलं ठिकाण असेल तर गावाचं नाव न देता ‘मुळशी तालुका’ एवढंच पुरे.

आणि छापील प्रती परत न्या. एक संच ग्रामपंचायतीत द्या, एक देवळाच्या गुरवांकडे, आणि ज्यांचं छायाचित्र घेतलं त्या प्रत्येकाला त्याची प्रत. शिलालेख किंवा वीरगळ मिळाला असेल तर त्याची चारही बाजूंच्या उजेडातली छायाचित्रं पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाला किंवा डेक्कन कॉलेजमधल्या अभ्यासकांना दाखवा. प्रती न्यायला जूनच्या आत जा, कारण पाऊस लागला की पवनेचं पाणी चढू लागतं. एखाद्या वर्षी लवकर गेलात, तर छायाचित्र बघून कुणीतरी म्हणेल, ‘हा कोपरा गेल्या साली शाबूत होता.’ ते वाक्यही तारखेसकट लिहून घ्या.